फ्रान्सचे बाजार आणि वयनीचं गोणपाट

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाचं काम बघणारे मास्तर मला म्हणाले, "मॅनेजर, फ्रान्सला जाऊन आलात, आता चार पानं द्या. खाण्यापिण्याचं लिहा, लोक तेवढंच आवडीनं वाचतात. आणि एखादा फोटो द्या." फोटो मी देणार नाही. का, ते पुढे येईल. खाण्यापिण्याचं मात्र लिहितो. तिथलं सांगण्यासारखं तेच आहे, आणि मला लाज वाटण्यासारखं जे काही झालं तेही त्यातच आहे.

मी गोव्यात, डिचोलीत, एका पतसंस्थेचा शाखा व्यवस्थापक. मूळ गाव लाटंबार्से. आमची एकुलती मुलगी मुक्ता फ्रान्सच्या दक्षिणेला तूलूझ शहरात नोकरी करते आणि तिथून तासाभराच्या एका खेड्यात राहते. जावई निखिल त्या महिन्यात कामासाठी परगावी होता, म्हणून तिनं आम्हाला बोलावलं. चतुर्थी झाली, लाटंबार्श्याच्या घरचे गणपती पोचवले आणि मी व शैला, माझी बायको, तीन आठवड्यांसाठी निघालो. विमानाचं काही सांगत नाही. बसलो आणि उतरलो.

खेडं एका टेकाडावर आहे. घरं दगडाची, खिडक्यांची दारं फिकट निळी. खाली दूरपर्यंत सूर्यफुलांची शेतं, पण हंगाम सरलेला, त्यामुळे सगळी फुलं काळी पडून माना खाली घालून उभी. शैला म्हणाली, "शाळेत शिक्षा केल्यासारखी दिसतात." आमच्याकडे त्याच दिवसांत भात पिवळं होत होतं.

पहिला रविवार

तिकडे गावोगावचे बाजाराचे वार ठरलेले असतात. आमच्या मुक्कामाच्या गावचा रविवार, शेजारच्या गावचा बुधवार. मुक्तानं मला पहिल्याच दिवशी फ्रेंच वार शिकवले, कारण त्यांच्यावाचून स्वयंपाक चालत नाही. मला ते पटकन पाठ झाले. बुधवार डिचोली, गुरुवार पेडणे, शुक्रवार म्हापसा, हे ज्याच्या अंगात भिनलंय त्याला नवे वार जड जात नाहीत.

सकाळी साडेआठला आम्ही चौकात पोचलो. चौकाच्या मधोमध जाड लाकडी खांबांवर एक जुनं कौलारू छप्पर, भिंती नाहीत. त्याखाली आणि भोवती बाजार. पहिल्यांदा वास आला तो पावाचा. त्या पावाला पाव म्हणायला जीभ वळेना. आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतला गोल उंडो मुठीत मावतो. हे लोडाएवढे, वरून करपट तपकिरी, पिठानं माखलेले. बेकर सुरीनं हवा तेवढा तुकडा कापून वजनावर देतो. मुक्तानं एक तुकडा मोडून माझ्या हातात दिला. कवच कडकडीत, आत ओलसर, मऊ आणि किंचित आंबट, आपल्या इडलीसारख्या सान्नांच्या पिठाला येतो तसा आंबूस वास. मी तो लोण्याशिवाय, चहाशिवाय, उभ्या उभ्या खाल्ला. आणखी एक खाल्ला.

मग भाज्या. टोमॅटो लाल, पिवळे, जांभळट, आणि घड्या पडलेले मोठे, आपल्या लाल भोपळ्याची पिल्लं वाटावीत असे. मुळ्याच्या जुड्या, लसणीच्या वेण्या, अंजिरं, द्राक्षं. एका टेबलामागे साठीच्या पलीकडची एक बाई उभी होती. आखूड पांढरे केस, बोटांच्या चिरांत माती, निळा एप्रन. तिचं नाव ओदिल. मी सवयीनं पुढे झालो आणि टोमॅटो दाबून बघायला लागलो. दुसराच दाबला असेल तोच ती हात हलवत जोरात काहीतरी म्हणाली.

मुक्ता म्हणाली, "बाबा, हात लावू नका. कधी खायचे ते सांगायचं. आज की उद्या. त्या निवडून देतात."

मी हात मागे घेतला. भाव ऐकून म्हटलं, "जास्त आहे. सांग तिला." मुक्ता म्हणाली, "इथे भाव करत नाहीत." मला ते खरं वाटेना. डिचोलीच्या बाजारात मी तीस वर्षं एक युक्ती वापरत आलोय. भाव पटला नाही की तोंड वाकडं करायचं आणि वळून चालू लागायचं. तीन पावलं. तिसऱ्या पावलाला मागून हाक येतेच.

मी वळलो. तीन पावलं गेलो. चौथं टाकलं, पाचवं टाकलं. हाक आली नाही. लसणीच्या वेण्यांपाशी उभा राहून त्या बघत असल्याचं सोंग केलं. मागे शैला आणि मुक्ता तोंडावर हात धरून हसत होत्या. शेवटी परत गेलो. ओदिलबाईंनी विचारलं असावं की ह्यांना काय झालं, कारण मुक्तानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या पोटभर हसल्या. मग टोमॅटो एकेक हातात घेऊन निवडले, कागदी पिशवीत घातले आणि वरून कोथिंबिरीसारख्या एका पाल्याची चांगली मूठभर जुडी टाकली.

"हे कशाचे?"

"ह्याचे घेत नाहीत. वरचं असतं," मुक्ता म्हणाली.

वरची मूठ. ती बघून मला जे आठवलं ते आताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कशाला लिहिलंय ते कळणार नाही.

माझी वयनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, दर बुधवारी डिचोलीच्या बाजारात भाजी घेऊन बसते. तिचं माहेर हद्दीपलीकडे दोडामार्गच्या बाजूला, बोली मालवणी वळणाची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होतो. दादा भात कापून झालं की त्याच मळ्यात तांबडी भाजी, मुळा, आळसांदे लावतो आणि वयनी ते बाजारात नेते. आळसांदे म्हणजे आमच्याकडची मोठी, पिठूळ चवळी. बाजारात जमिनीवर भाजीचे छोटे ढीग मांडून ती त्यांच्यामागे गोणपाटावर बसते. ह्या बसण्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक ढिगाच्या पुढे उभं राहतं. घरचं माणूस मागून वळसा घेऊन येतं आणि गोणपाटावर बसतं. पुढच्याकडून पैसे घ्यायचे, मागच्याला चहा द्यायचा. घरच्या माणसाकडून भाजीचे पैसे घेणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं. शाळेच्या दिवसांत दर बुधवारी सुटल्यावर मी त्या गोणपाटावर बसून पाव-भाजी खायचो आणि तिथेच गणितं सोडवायचो.

तीन वर्षांपूर्वी मुक्ताचं लग्न ठरत होतं. निखिल आणि त्याचे आईवडील पुण्याहून आमच्याकडे आले. फोनवर बोलताना मी त्यांना सांगून बसलो होतो की थोरले भाऊ गावी बागायत बघतात. दादाकडे काजूची सात झाडं आहेत. तो फेब्रुवारीतला बुधवार होता आणि विहीणबाईंना बाजार बघायचा होता. मी दुसऱ्या वाटेनं नेण्याचा प्रयत्न केला, पण त्या भाजीच्या वासावर चालत गेल्या आणि नेमक्या वयनीच्या ढिगापुढे थांबल्या. "अगंबाई, किती टपोरी चवळी!"

वयनीनं मान वर केली. तिच्या ओठांवर 'भावजीनू' येताना मला दिसलं. मग तिनं माझ्या बाजूच्या दोन पाहुण्यांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "काय व्हया, साहेब?"

मी तिथेच ओळख सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी भाव विचारला. तिनं सांगितला. मी म्हटलं, जास्त आहे. आणि नुसता भाव पाडून थांबलो नाही, विहीणबाईंना आपली हुशारी दिसावी म्हणून वळलो आणि तीन पावलं चाललो. तिसऱ्या पावलाला मागून हाक आली.

"या साहेब, न्या."

तिनं आळसांदे पिशवीत ओतले, वर एक मूठ घातली. मी पैसे दिले. दिवसाची ती पहिलीच विक्री असावी, कारण तिनं माझी नोट कपाळाला लावली.

लग्नात वयनी नऊवारी नेसून, नथ घालून पुढे होती. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं." वयनी हसली. "माजां तोंडच असां, सगळ्यांका वळखीचां वाटता." तिनं मला दुसऱ्यांदा सांभाळून घेतलं. त्यानंतर तीन चतुर्थ्या गेल्या. दर चतुर्थीला मी तिच्या हातचं जेवतो. तिनं कधी तो बुधवार काढला नाही, आणि मलाही तोंड उघडणं जमलं नाही.

तर त्या रविवारी फ्रान्समध्ये ती पाल्याची जुडी हातात घेऊन मी उभा होतो. आणि पुढे काय केलं? ओदिलबाईंनी मला खुणेनं टेबलामागे बोलावलं, गंमत म्हणून आपला एप्रन माझ्या कमरेला बांधला, आणि मुक्तानं आमचा दोघांचा फोटो काढला. मी मुळ्याची जुडी उंच धरली आहे. तो फोटो मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला, ज्यात वयनीचा मुलगाही आहे. खाली लिहिलं, 'इथे शेतकऱ्यांना काय मान आहे! आपण शिकायला हवं.' लिहिताना मला काहीही वाटलं नाही. हे मी आज कबूल करतो.

बुधवार, शेजारच्या गावी

शेजारच्या गावचा बाजार नदीकाठी भरतो. तिथे चीजवाला होता, आपल्या जत्रेतल्या खाजेवाल्यांसारखा लांब मांडामांड करून बसलेला. आमच्याकडचे जुने लोक चीजला अजून केज म्हणतात, पण आम्हाला माहीत असलेलं केज म्हणजे डब्यातलं. इथे जात्याच्या तळीएवढी चाकं, मुठीएवढे गोळे, निळ्या शिरांचे, आणि एक चक्क राखेत घोळवलेलं. चीजवाला सुरीच्या टोकावर एकेक कपटा पुढे करायचा आणि आम्ही खाईपर्यंत आमच्या तोंडाकडे बघत राहायचा.

शैलानं निळ्याचा वास घेतला आणि मागे सरली. "हे कुजलंय."

"तू सुक्या सुंगटांची किसमूर करतेस तेव्हा शेजारच्या पुण्याच्या बाई खिडक्या लावून घेतात," मी म्हटलं. सुंगटं म्हणजे कोळंबी.

"त्यांना जेवायचं कळत नाही."

"मग हा पण तुझ्याबद्दल तेच म्हणत असेल."

तिनं मग हट्टानं खाल्लं. जरा थांबली, आणि म्हणाली, "पावाबरोबर बरं लागेल." आम्ही एक शेळीचं आणि एक डोंगरातल्या मेंढीचं घेतलं. मेंढीचं घट्ट, किंचित गोड, खाताना भाजलेल्या काजूची आठवण व्हावी असं. नदीच्या कठड्यावर बसून टोमॅटो, पाव आणि ते केज एवढंच जेवलो. मीठसुद्धा लागलं नाही. एवढं साधं आणि एवढं चांगलं जेवण मी फार वर्षांत जेवलो नव्हतो. जेवता जेवता घड्याळ बघितलं. डिचोलीत दुपार उलटून गेली होती. वयनी रिकाम्या टोपल्या एकात एक घालून बसची वाट बघत असणार. हे मी शैलाला बोललो नाही.

दाढेचा गुरुवार

चांगल्या पावाचं कवच कडक असतं, हे मी लिहिलंच आहे. गुरुवारी सकाळी त्यानंच माझ्या उजव्या दाढेवरची टोपी काढली. मी ती पावाचाच खडा समजून गिळणार होतो. मुक्तानं गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. उंच, टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी टोपी पुन्हा बसवली आणि काहीतरी म्हणाले. मुक्तानं सांगितलं, "म्हणतात, पाहुण्यांना आमचा पाव आवडतो, आणि आमचं त्यावर चालतं." मी तोंड उघडं ठेवूनच हसलो. दवाखाना झकपक होता, आणि त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात आपोआप आदर तयार झाला. आपला माणूस, असं वाटलं. खुर्ची-टेबलावरचा.

दुसरा रविवार

आम्ही पुन्हा ओदिलबाईंकडे गेलो. टेबलामागे त्यांच्याबरोबर आणखी कुणीतरी बाह्या दुमडून मुळ्याच्या जुड्या बांधत होतं. टक्कल ओळखीचं वाटलं. दातांचे डॉक्टर! कोपरापर्यंत ओला चिखल, कमरेला तोच निळा एप्रन. त्यांनी मला बघून आधी आपल्या दाढेवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. मी मान डोलावली, ठीक आहे. मग ओदिलबाईंच्या खांद्यावर मनगट टेकवून ते दोनच शब्द बोलले. ते मुक्तानं सांगायच्या आधीच मला कळले.

"माझी बहीण," मुक्ता म्हणाली. "बाबा, ते म्हणतात, दर रविवारी येतो. नाही आलो तर ती मला जेवायला घालत नाही."

पुढे लोक होते. शाळेच्या बाई, पोस्टातले गृहस्थ, त्यांचे पेशंटच असणार सगळे. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते मुळे बांधत होते आणि बहीण त्यांना ओरडत होती. मुक्ता म्हणाली, जुडी सैल बांधताय म्हणून ओरडतायत.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, तुमच्या घरी कुणी भाजी लावतं का?

साधा प्रश्न. सात समुद्रांपलीकडे, माझी भाषा न कळणाऱ्या दोन माणसांपुढे. ना विहीणबाई, ना पतसंस्थेचे खातेदार. खोटं बोलून काही मिळणार नव्हतं, खरं बोलून काही जाणार नव्हतं. आणि मी म्हणालो, "भाऊ आहे. थोडी बागायत बघतो."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे वळून ती बोलू लागली. माझ्या एवढ्याशा वाक्याचं तिचं भाषांतर लांबतच गेलं. ओदिलबाईंच्या हातातला लसूण हातातच राहिला. त्यांनी काही विचारलं. मुक्तानं उत्तर दिलं, त्यात 'मेर्क्रदी' हा शब्द आला. बुधवार. तोच तर मी पाठ केला होता.

मी शैलाकडे बघितलं, तर ती अंजिरं बघत होती. अंजिरं इतका वेळ कुणी बघत नाही.

ओदिलबाई टेबलाखाली वाकल्या, एका पोत्यातून घेवड्याच्या मोठ्या पांढऱ्या सुक्या दाण्यांची ओंजळ भरली, कागदाच्या पुडीत घालून माझ्यापुढे धरली. आळसांद्यांपेक्षा मोठे, चपटे, मेणासारखे दाणे.

"बुधवारच्या बाईंसाठी," मुक्ता म्हणाली. "ह्याचे घेत नाहीत."

परतीच्या वाटेवर चढण आहे. अर्ध्यावर मी थांबलो. म्हटलं, "तुला कसं माहीत?"

"मी आणि निखिल मागेच होतो बाबा, त्या दिवशी. चार पावलांवर. निखिलनं विचारलं, त्या तुमच्या मोठ्याआई ना, फोटोत दाखवलेल्या? मी त्याला म्हटलं, गप्प."

म्हणजे जावयालाही माहीत होतं. तीन वर्षं तो मला वाकून नमस्कार करत होता.

"तू मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." ती थोडं पुढे गेली आणि न वळता म्हणाली, "लग्नात मोठ्याआईनं ओवाळलं तेव्हा मी रडले ना, ते सासरी जायचं म्हणून नव्हतं."

शैलानं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मला लग्नाच्या आदल्या दिवशी वयनीनंच सांगितलं," ती म्हणाली. "'भावजींका काय बोला नकात, ते आधीच मरतत,' म्हणाली."

त्यानंतरचे दिवस मी पाव खाल्ला, केज खाल्लं, नदीवर फिरलो. ते सगळं चांगलंच होतं. पण त्याबद्दल आणखी लिहिण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

डिचोलीचा बुधवार

परत आलो तो शनिवार. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पुडी घेऊन शाखेतून बाजाराकडे निघालो. पाच मिनिटांचं अंतर. पुडी आधी हातात होती, मग कधी खिशात गेली ते कळलं नाही.

वयनी नेहमीच्या जागी, छत्री उघडून मागे टेकवलेली. पुढे तांबडी भाजी, दोडकी, भेंडे आणि पावसाळ्यातली शेवटची दोन मोठी तवशीं, म्हणजे काकड्या. मी ढिगापुढे उभा राहिलो. मागून जायचं धाडस झालं नाही.

"भावजीनू, कदी इलास?" तिनं विचारलं, पाण्याचा हात भाजीवर मारत.

"शनिवारी." मी पुडी काढून तिच्या हातात दिली. "तिकडची एक बाई आहे, बाजारात बसते. तुझ्यासाठी दिलेत."

तिनं पुडी उघडली. दाणे तळहातावर घेतले, हलवून बघितले, एक दाताखाली धरला. "साल पातळ आसा. आमच्यापेक्षा म्होटे." मग विचारलं, "ती खत खयचां घालता?"

"विचारलं नाही."

"ता कशाक विचारशात?" ती म्हणाली. दाणे पुन्हा पुडीत घातले, पुडी कमरेला खोचली. "फोटो बघितलंय तुमचो. झिलान दाखवल्यान. त्या बाईच्या मागल्या बाजूक बरे उभे रवलास. एप्रन पण बांधलास."

एवढंच म्हणालो, "वयनी, त्या दिवशी मी…"

"त्या दिसा तुमी भाव बरो पाडलास," ती म्हणाली. "परको असतो तर इतको पाडूक धजलो नसतो."

बाजूला टोपल्या लावून बसलेली बाई फसकन हसली. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्या रांगेला माहीत असणार. तीन वर्षं मी दर बुधवारी वेगळ्या रस्त्यानं शाखेत जात होतो, आणि ही माणसं मला लपताना बघत होती.

मी तसाच उभा. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. वयनीनं मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागल्यान या. पुढे वाट अडता."

मी वळसा घालून मागे गेलो. गोणपाट एका माणसापुरतं होतं. ती जराही सरकली नाही. मी उरलेल्या काठावर बसलो, अर्धा मातीवर, पतसंस्थेची पँट घालून. गुडघे दुखले. इथून बाजार वेगळाच दिसतो. पाय दिसतात, पिशव्या दिसतात, आणि वाकून भाव विचारणारी तोंडं दिसतात. माझं कसं दिसलं असेल ते तिथे बसल्यावर पहिल्यांदा कळलं. चहा आला. माझ्यासाठी तिनं सांगितला की रोजचाच होता, माहीत नाही.

आमचे एक जुने खातेदार दोडकी घ्यायला थांबले. मला बघून त्यांचा हात तसाच राहिला. "मॅनेजर, तुमी हांगा कसे?"

"ही माझी वयनी," मी म्हटलं. आवाज बारीक आला. त्यांना ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा म्हटलं.

"मागीर सांगा तिका, दोन दोडकीं चड घाल म्हूण."

"सांगूक नको," वयनी म्हणाली आणि दोन जास्त घातली. त्यांना त्यात बाकी काहीच वाटलं नाही. ते गेले.

सुट्टी संपत आली तसा मी उठलो, पँट झाडली. तिनं तांबड्या भाजीच्या दोन जुड्या माझ्या हातात दिल्या. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. वाटेतच मी तो थांबवला, पण तिनं बघितलं होतं. तिनं भाजीवर पाणी मारलं. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाली,

"येत्या बुधवारी येतलास तर आपलां गोणपाट घेवन या. ह्यां एकट्याचां."

हे मी मंगळवारी संध्याकाळी लिहितोय. शैलानं माळ्यावरून तांदळाचं एक जुनं गोणपाट काढून धुऊन वाळवलं. ते उद्यासाठी मी स्कूटरला अडकवून ठेवलंय. ठेवताना आधी घडी केली, आणि ती एका चांगल्या कापडी पिशवीत घातली. फ्रान्सहून आणलेली पिशवी आहे, वर त्या गावचं नाव छापलेलं. का घातली, हा प्रश्न मला आत्ता, हे वाक्य लिहिताना पडला. गोणपाट रस्त्यानं कुणाला दिसू नये म्हणून.

लिहिणं इथेच थांबवतो. खाली जाऊन ते पिशवीतून बाहेर काढायचं आहे.